मामांची उलटी मोजणी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. आणि हवेची चव कळणारा माणूस मराठवाड्यात एकच झाला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा, हेही.

हवाई दलात त्यांची सगळी नोकरी वैमानिकांच्या श्वासाची हवा तपासण्यात गेली. निवृत्त होऊन लातुरात आले, ते नाक कामावर ठेवूनच. कुणाच्या घरी गेले की उंबऱ्यावर तीनदा हुंगत, मगच चप्पल काढत. एसटीच्या खिडक्या उघडायला लावत आणि धुरळ्यानं पांढऱ्या झालेल्या प्रवाशांच्या शिव्या शांतपणे ऐकत. एका लग्नात होमाचा धूर दाटला, तेव्हा त्यांनी नवरदेवालाच शंभरपासून उलटं मोजायला लावलं. भटजी खवळले. मामा मला म्हणाले, "वर विमानात हवा बिघडली की माणूस घाबरतोच असं न्हाई, जावईबापू. कधी कधी लई खुश होतो. मोजणी चुकली की समजायचं, गडी गेला."

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. विहिरींचा गाळ काढायच्या कामावर मी देखरेखीला होतो. पाणी इतकं खोल गेलेलं की वरून पंप ओढेना, म्हणून मी डिझेल इंजिनच दोरांनी आतल्या कपारीवर उतरवून चालू केलं. मामा बघायला आले, हुंगले. "धूर जाईल कुठं? इंजिन बंद करा, कुणी उतरू नका." मजूर थबकले. मी चिडून म्हणालो, "मामा, हे विमान न्हाई. नाक घरी ठेवून येत जा!" सगळे हसले, आणि त्या तोऱ्यात मीच उतरायला निघालो. मामांनी माझ्या कमरेला दोर बांधला. त्यावरही मी हसलो.

तळाशी डोकं जड झालं, पण मजा वाटत होती. वरून हाक आली, "जावईबापू, मोजा!"

"शंभर," मी म्हणालो. "शंभर... शंभर..." पुढचा आकडा सापडेना, त्याचंही हसू येत होतं.

"ओढा!" मामा ओरडले म्हणे. मला ते आठवत नाही.

कचेरीत मी ऊन लागल्याचं सांगितलं. मामा शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली.

पुढं कित्येक वर्षांनी दम्यानं त्यांना खिडकीशी बसवलं. उशाशी ठेवलेल्या मोगऱ्याचा वासही कळेना, तेव्हा मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी ऊन नव्हतं लागलं. माझं चुकलं."

ते म्हणाले, "शुद्धीत बोलायलात ना? मोजा आधी."

मी शंभरपासून एकपर्यंत मोजलं, एकही आकडा न गाळता. मग पुन्हा म्हणालो, "मामा, माझं चुकलं."