साहेबांच्या धोतरावरचं पाणी

हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, एरवी. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही यमुनाक्काला ओळखत नाही, म्हणून असेल.

म्हैसुरात मी एका मंत्र्यांचा स्वीय सहायक होतो. साहेब माणूस चांगला. पण साठी उलटली आणि त्यांना लघवी धरवेना. हे ठाऊक फक्त डॉक्टरांना आणि मला. दौरा मी गावं बघून नाही, संडास बघून आखायचो. कडकोळच्या कारखान्यात सोय चांगली, म्हणून तिथं चहा. तलकाडला धड सोय नाही, म्हणून तिथं नुसता नमस्कार. हसू येतं, अल्वा — नाही का? मलाही यायचं.

आमची एक खूण होती. साहेबांनी चष्मा काढून पुसला, की मी वाकून "फोन आहे" म्हणायचं. ते उठायचे.

त्या दिवशी सभागृहात पक्षाचे सगळ्यात मोठे पुढारी बोलत होते. ते बोलत असताना मंचावरून कुणी उठत नाही — लिहिलेलं नाही कुठं, पण उठून बघा. साहेबांनी चष्मा पुसला. मी पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पुसला. आणि मी — मी पंख्याकडं बघत राहिलो. मोठ्यांची नजर माझ्यावर पडेल, माझी बढती अडेल. भ्यालो. दुसरं काय?

मग त्यांनी चष्मा पुसलाच नाही. धोतर ओलं झालं होतं. टाळ्या सुरू झाल्या तसा मी पुढं झालो आणि तिपाईवरचा पेला त्यांच्या मांडीवर लवंडवला. इथवर तुम्ही मला हुशार म्हणाल.

पण पाणी कुणी सांडलं, हे लोकांना लागतंच. मागं तबक घेऊन यमुनाक्का उभी होती, सभागृहात चहापाणी द्यायच्या कामावर. आमच्याच रंगाऱ्यांच्या, मराठी बोलणाऱ्या गल्लीतली. आई आजारी असताना मला जेवू घालणारी, दत्तू म्हणणारी. मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. तिनं तबक खाली ठेवलं. मग कन्नडमध्ये म्हणाली, "तप्पायितु, सार." चुकलं, साहेब — मला म्हणाली हे.

आणि ते धोतर मी तिलाच धुवायला दिलं. कशी बुद्धी झाली? रंगाऱ्याची लेक ती, कापडावर काय सांडलंय ते तिला कुणी सांगायला हवं होतं? तिनं धुतलं, पिळलं, आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला कामावरून काढायला लावलं. साहेबांनी सांगितलं नव्हतं. शिक्षा कुणालाच झाली नाही, तर पाण्याची गोष्ट खरी कशी वाटणार? तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. मला माहीत होतं.

बढती मिळाली. साहेब आज नाहीत. त्यांचं दुखणं आता मला लागलंय.

मागच्या महिन्यात कृष्णराजनगरला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. पाणी वाढत यमुनाक्का आली — या वयात, आचाऱ्याच्या हाताखाली. माझा पेला काठोकाठ भरला, थेंब बाहेर पडू दिला नाही. "सावकाश, सार," म्हणाली आणि पुढच्या पानाकडं गेली. मला जेवण गेलं नाही.

त्या दिवशी तिच्या हातून पाणी सांडलं नव्हतं. मी सांडलं.