पाठीतली गोळी

माझ्या वडिलांना गोळी पाठीत लागली. तिसरीत असताना शाळेच्या झेंडावंदनाला मी हे माईकवर सांगितलं आणि हेडमास्तरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हापासून मला या एका वाक्यासाठी भांडावं लागलंय.

अण्णा पायदळात हवालदार होते. तासगावजवळ आमची थोडी द्राक्षबाग, ती आई आणि चुलते बघायचे. शेवटच्या सुट्टीत अण्णा एकटे आले नाहीत, पलटणीतले दोन जोडीदार बरोबर घेऊन आले. एक वाईकडचे, हळदीच्या गावचे. दुसरे जतच्याही पलीकडचे, घरात कानडी बोलणारे. ते मला ‘पुट्टी’ म्हणायचे. त्याचा अर्थ ‘छोटी’, हे मला फार पुढे कळलं.

बेदाण्याचे दिवस होते. ते तिघंही शेडमध्ये जाळीवर द्राक्षं पसरायला लागले. वाईच्या काकांनी लवकर वाळावा म्हणून तेलाच्या पाण्यातून काढलेला ओला घड तसाच तोंडात टाकला आणि थू थू करत बांधापर्यंत पळत गेले. अण्णा हसून हसून खाली बसले. मला त्यांचं एवढं मोठ्यानं हसणं दुसरं आठवत नाही. चार दिवसांनी तिघं एकाच एसटीनं गेले.

उन्हाळा सरता सरता लढाई लागली आणि तिघंही एकाच दिवशी एकाच उतारावर गेले. अण्णांची पेटी आली तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नव्हती. आईला पेटीजवळ जायलासुद्धा वाट काढावी लागली, कारण पुढं फोटोसाठी माणसं उभी होती.

पुढं महिन्याभरानं एक माणूस एसटीतून उतरून घर विचारत आला. शर्टाची डावी बाही मोकळी, खिशात खोचलेली. इस्लामपूरकडचे, अण्णांच्याच तुकडीतले. घराच्या पुढच्या सोप्यात बसले, पाणी घेतलं आणि म्हणाले, “वैनी, लोकं तुमास्नी कायबाय सांगतील. मी तितं हुतो. मी सांगतो तेवढंच खरं धरा.”

मी आईला टेकून बसले होते. मला कुणी बाहेर पाठवलं नाही.

“वाईवाला पयल्याच गोळीबारात गेला. आमी खडकाआड. जतवाल्याच्या मांडीत गोळ्या बसल्या आनि त्यो उघड्यावर पडला. हाका मारायला लागला. हवालदारांनी आमास्नी गप बसवलं आनि सोता गेलं. लेकराला उचलावं तसं दोनी हातांवर उचललं त्याला. दुश्मन वर, आमी खाली. माघारी वळलं की पाठ वरच्या बाजूला येनारच. पाच-सा पावलं आली असतील. मी पुढं सरकलो, तवा माजा हात गेला.”

आईनं विचारलं, “आनि जतचं भावजी?”

“त्यो दिवस मावळंपर्यंत हुता. कानडीत बोलत हुता, वैनी. मला कळत न्हवतं. कुनाला हाक मारत हुता, काय मागत हुता, मला आजबी ठावं न्हाई.”

एवढंच घडलं होतं. मी शाळेत तेच सांगितलं. हेडमास्तरांनी मला ऑफिसात नेलं, दार लोटलं आणि म्हणाले, “वीराला गोळी छातीत लागते. पाठीत म्हणालीस तर लोक म्हणतील, पळाला.” मी घरी येऊन आईला विचारलं, अण्णा पळाले का? आई भाकरी थापत होती. “गप ऱ्हा,” एवढंच म्हणाली. त्या गप्प बसण्याचा राग मी आईवर कितीतरी वर्षं काढला.

गाव मात्र गप्प नव्हतं. दरवर्षी नवा वक्ता यायचा आणि अण्णांच्या हातून मरणाऱ्यांचा आकडा वाढवायचा. एकानं तर त्यांचे शेवटचे शब्दही सांगितले, अगदी यमक जुळवून. मी समोर नव्या फ्रॉकमध्ये बसलेली, टाळ्या वाजवायला. ज्याच्यासाठी अण्णा खडकाआडून उठले, त्या माणसाचा उल्लेख एकाही भाषणात नव्हता. त्यांना शहीद हवा होता. माझा बाप नको होता.

आता मी विश्रामबागेत कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी गावानं स्मारक बांधलं आणि शिळेचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. ‘शत्रूच्या गोळ्या हसत हसत छातीवर झेलल्या.’ हसत हसत! माझं डोकं फिरलं. आईला गाडीत घातलं, इस्लामपूरच्या काकांना घेतलं आणि थेट ग्रामपंचायत गाठली.

सरपंच भला माणूस. चहा मागवला. “आवं ताई, चांगलंच लिवलंय की. पाठीत म्हनून कसं लिवायचं? लोकं काय म्हनतील?”

मी म्हटलं, ती ओळ काढा आणि खाली त्या दोघांचीही नावं घाला.

“ती आपल्या गावची न्हाईत.”

मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी आई बोलली. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल मी तिच्या तोंडून शब्द ऐकला नव्हता.

“तुमी हुता का तितं? ह्ये भावजी हुतं, त्येंचा हात तितंच ऱ्हायलाय. आनि मला सांगा, पळनारा मानूस दुसऱ्या मानसाला हातावर घिऊन पळतो व्हय?”

काका खाली बघत होते.

ती ओळ काढली. पाथरवटानं तेवढा भाग घासला, तिथं दगड जरा खोलगट दिसतो. दोन नावांचं ‘पुढच्या मीटिंगला बघू’ झालं. मी दोनदा अर्ज दिलाय. अजून बघतायत.

उद्घाटनाला पाहुणे आले. त्यांच्या हातातल्या कागदात कुणी बदल केला नव्हता. “छातीवर गोळ्या झेलत...” त्यांनी सुरू केलं, तशी पहिल्या रांगेतून आई उठली. कुणाकडं बघितलं नाही, पदर सारखा केला आणि मांडवातून चालायला लागली. तिच्यामागं काका, मग मी. पाहुणे पुढचं वाचत राहिले. मागं लाउडस्पीकर चालूच होता. चावडीपाशी आल्यावर काका म्हणाले, “वैनी, जतला जाऊन यायचं का एकदा? त्याची आई हाय अजून.”

आई म्हणाली, “आत्ताच जाऊ.”