डिस्कचं तोंड कुठलं

खंडेनवमीला आमच्या स्टुडिओत कॅमेरे, लाईट, स्टँड सगळ्यांची पूजा होते. त्याला माझी ना नाही. पण यंदा आमच्या ह्यांना जरा जास्तच भक्ती आली. मी माहेरी चारठाण्याला गेलेली. ह्यांनी सर्व्हर बंद करून उघडला, चारही हार्डडिस्क काढल्या आणि पाटावर ओळीनं मांडल्या. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं यथासांग. संध्याकाळी परत जोडून टाकल्या आणि मला सांगायचं विसरले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेडगावकडची एक बाई आली. उन्हाळ्यात तिच्या लेकीचं लग्न आम्हीच शूट केलं होतं, पण पेनड्राईव्ह व्याह्यांकडं गेला. "ताई, दुपारी आमची ऊसतोडीची गाडी निघायलीय," ती म्हणाली. "पाठवणी तेवढी मोबाईलात टाकून द्या. त्या टायमाला डोळ्याला पदर होता, लेकीचं तोंडच दिसलं न्हाई."

सर्व्हरचं मशीन चालू केलं, तर पडद्यावर दोनच डिस्क दिसायल्या. आमच्या मशीनमध्ये डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डातून एक जाड वायर निघते, तिला पुढं चार फाटे, एकेका फाट्याला एक डिस्क. प्रत्येक लग्न चौघींत तुकड्यातुकड्यानं वाटलेलं. एक रुसली तर बाकीच्या तिघी भागवून नेतात. दोघी रुसल्या की संपलं.

"अहो, काय केलंत तुमी?" मी विचारलं. ह्यांनी पूजेचं सांगितलं. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

"ओळ चुकली असंल," हे म्हणाले.

"ओळीनं काही होत नाही. कुठल्याही फाट्याला जोडा, कार्ड आपल्या डिस्क बरोबर ओळखतं."

"मग ते नवीन मांडणी करू का विचारतंय, तेच दाबू?"

"हात लावून तर बघा. तालुक्यातली सगळी लग्नं पुसली जातील."

मी फाट्यांची अदलाबदल करून बघितली. गायब त्याच दोघी. म्हणजे वायर धड होती, दुखणं डिस्कमध्ये होतं. टॉर्च मारला. फाटा बसतो त्या सोनेरी दातांच्या खाचेत कुंकू थापलेलं आणि एकीत अक्षतेचा दाणा.

"पहिल्या दोघींना वरच्या झाकणावर कुंकू लावलं," हे हळूच म्हणाले. "मग वाटलं, सोनेरी दात जिकडं हायत तिकडंच तोंड असणार."

मला लय हसू आलं, पण बाई समोर जीव मुठीत धरून बसलेली. मऊ ब्रश आणि स्पिरिट घेऊन खाचा साफ केल्या, वाळू दिल्या, डिस्क जोडल्या. चौघी हजर. जुनीच मांडणी परत घेऊ का, असं कार्डानं विचारलं. घे बाबा, म्हटलं.

पाठवणी लागली. गाडीत बसताना लेक मागं वळून गर्दीत कुणाला तरी बघत होती.

"मलाच हुडकायलीय," बाई म्हणाली. मोबाईलमध्ये भरून झालं तरी तिनं तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मी परत लावलं.

निघताना तिनं देवापुढच्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि उघड्या मशीनकडं हात नेला. हे माझ्याकडं बघायला लागले. मी पटकन झाकण बसवलं, तिचं बोट धरलं आणि झाकणाच्या मधोमध टेकवलं.