बास म्हणणारं कुणीतरी

एकदा बिरूला उंबऱ्यातच "थांब जरा, आलेच" म्हणून मी शेजारी विरजण आणायला गेले आणि गप्पांत रमले. परत येऊन बघते तर हा पठ्ठ्या भर उन्हात तिथंच उभा, कपाळावरून घामाच्या धारा. "अरं येड्या, सावलीला तरी जायचं!" तर म्हणतो, "आक्का, तू थांब म्हनलीस." असा हा माझा धाकटा भाऊ. सांगितलेला शब्द तो जसाच्या तसा धरायचा.

जेवणाचंही तसंच. पोट भरलं हे त्याला आतून कळायचंच नाही. वाढत राहाल तेवढं खायचा, आणि आई "बास" म्हणाली की हातातला घास ताटात परत ठेवायचा. आई मला म्हणायची, "त्याचं पोट त्याच्याशी बोलत न्हाय गं. त्याला बास म्हननारं कुनीतरी लागतं." आई गेल्यावर ते काम मी माझं मानलं.

आमच्या गावी, कऱ्हाटीला, आमची मेंढरं होती. बिरू दिवसभर त्यांच्यामागं, ना कुणाशी बोलणं ना भांडण. पण नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास वडिलांचे, आबांचे गुडघे गेले आणि कळप विकला. माझ्या नवऱ्यानं बिरूला बारामतीला आमच्याकडे आणलं, मार्केट यार्डात हमालीला लावलं. ओझ्याचं त्याला काहीच वाटायचं नाही. पण गुळाचे सौदे सुरू झाले, आरडाओरडा झाला, की तो कानांत बोटं घालून ढेपांच्या थप्पीमागं जाऊन बसायचा. बाकीचे हमाल हसायचे. "अरं बिऱ्या, मानसात ये की जरा!"

मग कुणीतरी एकदा त्याला पाजली, आणि काय सांगू, बिरू माणसात आला! बोलायला लागला, समोरच्याच्या डोळ्यांत बघून हसायला लागला. सगळ्यांना कोण कौतुक! माझा नवरासुद्धा म्हणाला, "बघ, कसा मोकळा झाला." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दुसऱ्या दिवशीचा बिरू या लोकांनी कुठं पाहिला होता? तोंडावरून घोंगडं ओढून पडून राहायचा, भांडं वाजलं तरी कळवळायचा. पहिल्यापेक्षा दुप्पट मुका व्हायचा.

एकदा त्याला समोर बसवून विचारलं, "का पितोस रं माझ्या राजा?"

तो घोंगड्याच्या दशा ओढत बसला. "प्यालं की आवाज लांब जातो, आक्का. मेंढरं टेकाडापल्याड गेली की घंटी येती न्हवं, तेवढाच येतो." मग म्हणाला, "मेंढरांत हुतो तवा मला कुनी म्हनलं न्हाय, मेंढरांत ये म्हनून."

मी पदराचा बोळा तोंडात धरला. त्यानंतर एकदा नवऱ्यानं घरातच त्याच्यासाठी ओतली, तेव्हा मी चुलीपासूनच ओरडले, "बिरू, बास!" ओठाला लावलेला पेला त्यानं मुकाट खाली ठेवला.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका हमालाच्या लग्नाला सगळे इंदापूरला गेले. बिरूही गेला, मी घरीच राहिले. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पण बँड काही थांबेना. मांडवामागं दुपारी या हमालांची दारूची बैठक बसली. नवरदेवाचा भाऊ बिरूपुढं बाटली ठेवून चेष्टेनं म्हणाला, "ही संपल्याबिगर उठायचं न्हाय, काय?" बाकीचे लटपटले, ओकले, आडवे झाले. बिरू मात्र ताठ. त्याचा ना तोल जायचा ना जीभ जड व्हायची. "लय पचवतो गडी," म्हणत त्यांनी आणखी ओतली. परतीचा टेम्पो निघाला तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेलाच होता. हाक मारली, हलवलं, तर अंग गार. इंदापुरातल्या डॉक्टरांनी हात लावला आणि नुसती मान हलवली.

स्वमग्नता हा शब्द मी ऐकला तो फार उशिरा, शेजारणीच्या नातीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा. बिरूचं सगळं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा काही माणसांना गोंगाट सोसत नाही, चारचौघांत वावरायला दारूचा आधार वाटतो, आणि किती झाली हे शरीर त्यांना वेळेवर सांगतच नाही. आईचंच बोलणं होतं ते, फक्त शुद्ध मराठीत. मी तिथंच हमसून हमसून रडले. आमच्या वेळी या शब्दाऐवजी 'येडं' एवढंच म्हणायचे.

बिरूच्या तेराव्याला नवरदेवाचा तो भाऊ आमच्या दारात आला होता. बाप्यामाणूस ढसाढसा रडत होता. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आक्का, आईशप्पत, मी चेष्टा केली हुती," तो म्हणाला. "नगं हुती तर त्यानं बास म्हनायचं हुतं की!"

"आरं, तेवढंच त्याला येत न्हवतं रं," मी म्हणाले. "ते तुमी म्हनायचं हुतं."