पंपाची वायर आणि वरातीची जीप

विजेचं मला सगळं कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. (विहिरीवरचा पाच हॉर्सपॉवरचा पंप मीच जोडला होता. आणि तो चाललाही होता!)

कापसाने लागोपाठ तीन वर्षं दगा दिला, तेव्हा धाकट्या गजाननने जुन्या जीपमध्ये भलामोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि पिंपाएवढे दोन स्पीकर बसवायचं ठरवलं. लग्नाच्या वराती वाजवायच्या! पहिलीच सुपारी बोरी अरबची. ती नीट पार पडली, की त्याच गावातली आणखी तीन लग्नं आमची.

"दादा, बॅटरीपासून अंगठ्याएवढी जाड केबल लागते म्हन्ते दुकानदार."

"कायले? पंपाची वायर उरली हाय ना! अख्खी विहीर उपसते तिच्यावर. तुही पेटी काय विहिरीहून मोठी हाय?"

गजाननने वायरचं भेंडोळं माझ्या हातात दिलं. (मोठा भाऊ असण्याचा तेवढाच फायदा.)

सांजेला वरात निघाली. दर ठोक्याला जीपवरचे, त्याच वायरीला जोडलेले दिवे मंदावू लागले. वऱ्हाडी खूश! "लायटिंग बी हाय काय, राजेहो!" मीही मान डोलावली, जणू योजनाच होती. मग फ्यूज उडाला. पंपाचा फ्यूज उडाला की आम्ही तांब्याची तार दुहेरी करून बांधतो. लग्नकार्य म्हणून मी तिहेरी बांधली!

फ्यूज टिकला. वायर पेटली.

सीटखालून धूर निघताच नवरदेवाने मुंडावळ्यांसकट बाहेर उडी मारली. गजाननने बॅटरीचा क्लॅम्प उपटला. भर रस्त्यात वरात मुकी!

नवरीचे मामा गावातच वेल्डिंग करायचे. त्यांनी जळकी वायर उचलली.

"हे कोनं जोडली?"

"मी. पंप चालते हिच्यावर."

"पंपाले चारशे व्होल्ट भेटते, भाऊ. म्हनून करंट कमी लागते, बारीक तारेत भागते. इथं बॅटरी बाराची! तेवढाच जोर पायजे तं करंट कितीतरी पट जास्त. जाडी पायजे, जाडी! अन् फ्यूजले तार बांधून राह्यले तुमी? नवरदेव भाजाचा होता काय?"

गजानन माझ्याकडे पाहत नव्हता. तेच जास्त लागलं.

मामांनी दुकानातून वेल्डिंगची जाडजूड केबल आणली, बॅटरीजवळ गजाननकडचा नवा फ्यूज बसवला. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम दिलं. (टॉर्चची. खऱ्या बॅटरीपासून मला चार हात लांब उभं केलं होतं.)

पहिला ठोका पडला. दिवे हललेही नाहीत. हलले ते शेजारच्या घरांवरचे टिन! नवरदेव स्वतःच नाचायला लागला, आणि गजानन कित्येक महिन्यांनी मोकळा हसला.

ती तिन्ही लग्नं मिळाली. पुढे आणखीही. आजही कुणी जीप ठरवायला आलं, की पहिला प्रश्न तोच: "वायर कोनं जोडली?"

"दादानं नाई," गजानन सांगतो, आणि सुपारी तिथेच पक्की होते. आमच्या धंद्याला माझा एवढा हातभार कायम आहे!