पाटीवरचं पुसलेलं उत्तर

माझ्या वर्गात ‘समजलं का?’ असं विचारलं की ‘होऽऽ सर!’ असा जो गजर उठायचा, त्याने धारूरच्या किल्ल्याचे दोन चिरे निखळले, असं मी वडवणीच्या बाजारात सांगत असे. किल्ल्यावर जाऊन मोजायला कुणी तयार नसायचं, म्हणून पुढच्या बाजारी दोनाचे चार चिरे व्हायचे. चिऱ्यांचं सोडा, पण शाळेमागच्या बाभळीखाली बसलेल्या म्हशी त्या आवाजाला दचकून उभ्या राहायच्या, हे मी स्वतः पाहिलंय. आमची शाळा दोन खोल्यांची, बालाघाटाच्या डोंगरउतारावर. एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन मॅडम, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी घेऊन मी. माझ्याकडची सत्तावीस लेकरं एका दमात ‘हो’ म्हणायची आणि मी पुस्तक मिटायचो. शिकवलं, समजलं, मिटलं. असा संसार वर्षानुवर्षं सुखात चालला होता.

त्याला चूड लावली एका बाईने. चौथीतल्या एका मुलीची आई. दसरा होऊन गेला होता. गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या बेतात होत्या आणि निम्म्या घरांपुढे गाठोडी बांधून पडली होती. सोमवारी मधल्या सुट्टीत ती बाई थेट वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवर दोन वर्षांचं पोर, हातात विळा.

“सर, पुढच्या मंगळवारी आमची टोळी निघतीय.”

“बरं.”

“पोरीला संगं न्यावं का चुलतीपाशी ठिवावं, ते ठरंना. नेली तर हे धाकटं सांभाळील. फडात मला लई आदार हुईल. ठिवली तर शाळा हुईल. तर तुमी मला खरं सांगा. हिला कायी येतं का न्हाई?”

तेव्हा मला कुणी असा प्रश्न विचारला की मी नोंदवही काढत असे. आकारिक मूल्यमापनाची नोंदवही म्हणजे लेकराला रोजच्या रोज काय उमगलं ते पाहून लिहायची वही. मी ती दिवाळीआधी दोन दुपारी बसून एका हाती पूर्ण करत असे. बीडहून एक छापील पुस्तक आणलं होतं. त्यात तयार वाक्यं असायची. पहिल्या पोराला पहिलं वाक्य, दुसऱ्याला दुसरं, बाराव्यानंतर पुन्हा पहिलं. भातुकलीतला प्रसाद वाटतात तसं. मी मोठ्या रुबाबात वही उघडली आणि त्या मुलीपुढची नोंद खणखणीत आवाजात वाचली, “आत्मविश्वासाने उत्तरे देते. गणितातील संबोध स्पष्ट आहेत.”

बाई आधी माझ्याकडे बघत राहिली. मग एवढी हसली, की कडेवरचं पोरही हसायला लागलं.

“ही? आत्मविश्वासानं? सर, ही घरी मांजराला बी हळू आवाजात हाकलती.”

मी पान उलटून दुसरं काही सापडतंय का ते बघू लागलो. बाईचं हसू मावळलं.

“मागल्या साली बी तुमी समदं येतं म्हणलात. मी पोरगी मागं ठिवली. म्हईनाभरात चुलतीचा फोन आला का पोरगी नुसती बसून राहती, कायी इचारलं तर रडती. मंग मी नेली. औंदा असं नगं. शनिवारी येते. तवर बघून सांगा.”

ती गेली. वीस वर्षांत मला तपासायला नाना तऱ्हेचे साहेब आले. त्यांना मी चहा, भजी आणि गोड बोलणं यांवर वाटेला लावलं. ह्या बाईने पाणीसुद्धा घेतलं नाही.

शेजारच्या खोलीतून मॅडमनी सगळं ऐकलं होतं. भिंत एका विटेची आणि माझा आवाज आठ गावांचा. त्या दारात येऊन म्हणाल्या, “सर, तुम्ही बोलता लई, ऐकता कवा?”

“पोरं हो म्हणतात की, मॅडम!”

“पोरं हो म्हणत्यात कावून, ठाऊक हाय का? हो म्हणलं की तुम्ही पुस्तक मिटता. पुस्तक मिटलं की खेळायला सुट्टी. माझी पहिलीतली लेकरं बी एवढी हुशार हायत.”

मग त्यांनी युक्ती सांगितली. प्रश्न एकच विचारायचा. उत्तर प्रत्येकाने आपल्या पाटीवर लिहायचं. टाळी वाजली की सगळ्या पाट्या एकदम वर. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही, आणि मीसुद्धा नाही. शेवटची अट मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन आणि एक छेद चार. मोठा असेल तो पाटीवर लिहा. हा धडा मी पंधरा दिवसांपूर्वी असा शिकवला होता, की खडूच्या धुळीने खोलीत धुकं पडलं होतं. टाळी वाजवली. सत्तावीस पाट्या वर झाल्या. सत्तावीस पाट्यांवर एक छेद चार.

मला क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं. सत्तावीस विरुद्ध एक, म्हणजे निवडणूकच हरलो की. “कावून रे?” मी विचारलं. पहिल्या ओळीतला वर्गप्रमुख छाती काढून म्हणाला, “सर, चार मोठा का दोन?” आणि मागून सव्वीस माना हलल्या. पाटी वर करण्याआधी सगळा वर्ग त्याच्या पाटीकडे पाहत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या वर्गात हुशार कोण, हे एकदा ठरलं की ठरलं. मग बाकीचे डोकं वापरायचे कष्ट घेत नसत.

मी रांगांमधून फिरलो. त्या मुलीपाशी आलो तर तिने पाटी छातीशी धरली. मी हळूच ओढून घेतली. पाटी ओली होती, तळहाताने घाईत पुसलेली. एक छेद चार ठळक होतं, पण त्या चाराच्या अंगाखालून एक पांढुरका दोन डोकावत होता.

“हे आधी काय लिहिलं होतंस?”

तिने मान खाली घातली.

“पुसलंस कशाला?”

“समद्यांचं येगळं होतं.” आवाज इतका बारीक, की मला उकिडवं बसावं लागलं. माझं वजन पाहता तो सोहळा वर्गाने पहिल्यांदाच पाहिला.

“तुला कसं कळलं, अर्धा मोठा?”

“आई आप्पाला अर्धी भाकर देती. मला चतकोर.” थोडं थांबून तिने पुढे जोडलं, “चतकोरीनं माझं भरत न्हाई.”

त्या धड्यापायी मी डबाभर खडू झिजवला होता. हिच्या ताटात तोच धडा रोज पडत होता.

बुधवारी मी सत्तावीस लेकरांना भिंतींकडे तोंड करून बसवलं. रस्त्यावरून जाणाऱ्या सरपंचांनी आत डोकावून विचारलं, “समद्यांनाच शिक्षा? काय केलं बे पोरांनी?” मी म्हटलं, “पोरांनी न्हाई, मी केलंय.” आता कुणाची पाटी कुणाला दिसेना. टाळी वाजली तर किती तऱ्हेची उत्तरं! एकाने तीन छेद बकरी असं काहीतरी काढलं होतं. वर्गप्रमुखाची पाटी कोरी होती, आणि तो रडवेला झाला होता. हुशार म्हणून मिरवताना त्या बिचाऱ्याला विचारायची कधी सोयच राहिली नव्हती. त्याला जवळ घेऊन कागदाची भाकर फाडून दाखवली. दहा मिनिटांत त्याचा चेहरा खुलला.

गुरुवारी, शुक्रवारी सुट्टीच्या वेळी मी दारात उभा राहून एकेकाला एकच प्रश्न विचारायचा आणि मग बाहेर सोडायचं, असं सुरू केलं. वर्ग सुटायला एवढा वेळ लागू लागला, की म्हशी आपल्या आपण घरी जाऊ लागल्या. त्या मुलीचं हळूहळू कळत गेलं. वाचते छान, पण मोठ्याने नाही. बेरीज, वजाबाकी पक्की. अपूर्णांकात माझ्या पुढे. भागाकार मात्र शून्य. भागाकाराचं चिन्ह पाहिलं की वजाबाकीच करून मोकळी व्हायची. नोंदवहीत तिचे संबोध स्पष्ट होते.

शनिवारी बाई आली. सकाळची शाळा सुटत होती. मी नोंदवही काढली नाही. म्हटलं, “ताई, हिला अपूर्णांक येतात, वाचायला येतं. भागाकार येत नाही. अजिबात नाही.”

बाईच्या कपाळावर आठी पडली. “चौथीत हाय आन् भागाकार येत न्हाई? मंग ठिऊन काय उपेग? तिकडं कमीत कमी लेकरू तरी सांभाळील.”

 खोटं बोलावं असं फार वाटलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडात वाक्य तयारच होतं. तरी म्हणालो, “हे मला परवाच कळलं. हिची चूक नाही. मीच कधी बघितलं नव्हतं.”

 बाई अंगणात चिंचेखाली जाऊन बसली. कडेवरचं पोर खाली उतरून चिंचोके वेचायला लागलं. मी त्यातले तेरा चिंचोके उचलले आणि मुलीपुढे ठेवले. “तिघांना सारखे वाट.”

मुलीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एकेक चिंचोका मांडत गेली. एक आईपुढे, एक भावापुढे, एक स्वतःपुढे. चार फेऱ्या झाल्या. एक चिंचोका हातात राहिला. ती तो हातात धरून बसली. मी ‘समजलं का’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.  बालाघाटातली सगळी पाखरंसुद्धा थांबली असावीत.

“सर,” ती म्हणाली. मोठ्याने. मॅडम आतून बाहेर आल्या इतक्या मोठ्याने. “हा एक उरला. ह्याचं काय करायचं ते मला समजलं न्हाई. तुमी ते सांगितलंच न्हाई.”

बाई पोरीच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिने धाकट्याच्या तोंडातला चिंचोका बोट घालून काढला, त्याला उचलला आणि पदराने पाठीशी बांधून पाहिला. एकदा सैल, एकदा घट्ट. दोन पावलं चालून बघितलं.

“हितंच राहू द्या तिला,” ती म्हणाली. “ह्याला मी असा घीन. पर सर, दर शनिवारी मी फडातून फोन करीन. काय येतंय ते सांगू नगा. काय येईना गेलंय, तेवढं सांगा.”

मंगळवारी पहाटे ट्रक गेला. पुढचे चार दिवस मी भागाकार शिकवत होतो, जमेल तेवढ्या हळू आवाजात. मॅडम म्हणाल्या, आता भिंतीपलीकडे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येतो.

शनिवारी फोन वाजला. मागे उसाच्या पाल्याची सळसळ, कोयत्यांचे आवाज. “बोला सर. काय येईना गेलंय?”

“बाकी उरते तो भागाकार अडतोय, ताई. दोन दिवस झाले.”

मुलीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि पलीकडच्या फडालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई, मला येतंय. सरलाच नीट सांगता येईना गेलंय. सोमवारी मी त्यांना भाकरीवर दाखिवते.”