निळा कापूस

गेल्या आठवड्यातली दिवेलागणीची गोष्ट, आमच्या मोताळ्याच्या घरची. ह्यांना विचारूनच लिहितेय, नाहीतर नवऱ्याचं असलं कोण चव्हाट्यावर मांडतं...

पुढच्या खोलीत वेचलेला कापूस छतापर्यंत रचला होता. हे त्याच्याकडे एकटक बघत उभे. मग हळूच म्हणाले, "कापूस निळा काऊन दिसून राह्यला वं?"

मी हसले. कापूस पांढराच होता...

"भिंत बी निळी. तू बी."

लाईट होती, पंखा फिरत होता, तरी माझ्या अंगावर काटा आला. बाहेरचं काही लागलं की काय, आधी हेच मनात आलं. इतक्यात ते छाती धरून खाली बसले.

ह्यांना हृदयाचा त्रास आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी देवघराशेजारीच असते. ती घेऊन मी धावले आणि डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला; निळं दिसणं, हातातली गोळी, सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आज आणखी कुठली गोळी घेतली का? ताकदीची वगैरे? लाजू नका."

मी गोळी त्यांच्या ओठांपाशी नेलेली...

"घेतली," हे जमिनीकडे बघत म्हणाले. "बाजारात दोस्तानं देल्ली होती."

"मग हातातली अजिबात देऊ नका. दोन्ही मिळून बीपी इतकं पडेल की माणूस हाती लागणार नाही. आडवं करा, ॲम्ब्युलन्सनं लगेच आणा."

बुलढाण्याचा घाट चढेपर्यंत ती गोळी माझ्या मुठीतच होती. ह्यांना माझा चेहरा अजून निळाच दिसत होता. त्या नजरेला नजर द्यायची मला भीती वाटली.

हे वाचले. निळं दिसणं दोस्तानं दिलेल्या त्या ताकदीच्या गोळीमुळेच, डॉक्टर म्हणाले. पुरुषांच्या त्या कमजोरीला इलाज आहे, पण आधीची सगळी औषधं सांगून, तपासून, लिहून दिलं तरच. ह्यांच्या हृदयाच्या गोळीबरोबर ती चालतच नाही, ह्यांच्यासाठी दुसरा उपाय बघू म्हणाले.

"मले काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं.

"तू काय म्हणशीन वाटलं..."

काय म्हणणार होते मी? रागही आला, रडूही.

कापूस आता त्यांना पांढरा दिसतो. मी मात्र त्या खोलीत गेले की आधी गोळी धरलेली स्वतःची बोटं बघते. डॉक्टरांनी विचारलं आणि हे वेळेत बोलले... म्हणून ह्या हातांनी आज सकाळी त्यांना चहा दिला.